तिसरा ठोका

अण्णा, तुमचा तो डबा मी काल गाडीत बसवला. तिसगावच्या शेटजींच्या अमेरिकन गाडीचा, जो तुम्ही गोणपाटात बांधून गॅरेजच्या माळ्यावर टाकलात आणि जिवंत होतात तोवर कोणाला खाली काढू दिला नाहीत. गाडी चालली. हे तुम्हाला सांगताना मला आनंद व्हायला हवा होता. पण मी इतकी चिडलेली आहे, की आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

शेटजींचा मुलगा गेल्या आठवड्यात गाडी घेऊन आला. शेटजी आता थकलेत, गाडी तोच चालवतो. चाचांना म्हणाला, "इंजनात दम लई हाय, पन गाडी उठत न्हाई. करंजीच्या घाटात मालट्रक पुढं जातो अन् वर हॉर्न वाजवून चिडवतो. आमच्या वडलांनी मुंबईहून आनलेला छोटा कन्व्हर्टर तुमच्याकडंच पडलाय ना? त्यो बसवा." तुमच्यामागे गॅरेज चाचाच चालवतात, तुमच्या हाताखाली होते तेच, आणि तुम्ही गेल्यावर त्यांनी मला हाताखाली घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसवू. पन ही बसवंल. माझ्या खांद्यानं आता वजन उचलत न्हाई." मुलगा हसला. "बाई गेअरबॉक्स उतरवनार?" चाचा म्हणाले, "उतरवनार मी, चढवनार ती. तुला घाट चढायचाय का गप्पा हानायच्यात?"

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे हा डबा, काय करतो, हे मला तुम्हीच शिकवलंत, तेही स्वयंपाकघरात. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला अक्षरं शिकवलीत, आकडे शिकवलेत आणि त्याच पाटावर बसवून गाड्याही शिकवल्यात. आई ताक करत होती. तुम्ही म्हणालात, "रवी बघ. रवी फिरती, तिच्यामागं ताक फिरतं, अन् ताकावरचा लोन्याचा गोळा बी फिरतो. त्याला कोनी हात लावलाय का?" मी म्हटलं, नाही. "तसंच हाय. इंजन म्हंजी रवी, तेल म्हंजी ताक, चाकं म्हंजी लोनी." आई म्हणाली, "माझ्या लोन्याला चाकं नका लावू," आणि आपण तिघंही हसलो. डबा लहान असला की इंजिन आधी मोकळं होऊन जोरात फिरतं आणि मग एकदम पकडतं, म्हणून गाडी जागेवरून झेप घेते, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि बसवायची रीत सांगितलीत. डब्यात आधी तेल भरायचं, गेअरबॉक्सच्या दांड्यावर तो हातांनी फिरवत फिरवत आत ढकलायचा. एक ठोका पडतो, तो थोडा आत जातो. दुसरा ठोका पडतो. तिसरा पडला, की त्याच्या मानेच्या खाचा आतल्या पंपाच्या दातांत बसल्या. तिसरा पडेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही. "बोल्टानं वढून बसतो, त्यो बसत न्हाई, मोडतो." हे तुमचे शब्द आहेत, अण्णा. मी ते झोपेतही म्हणून दाखवले असते.

तुम्ही हा डबा बसवायला घेतलात, त्या दिवशी मी बारा वर्षांची आहे. शेटजी पाहुणे घेऊन आलेत, गॅरेजच्या दारात खुर्च्या मांडल्यात. नवा भाग आला की त्याची पूजा केल्याशिवाय तुम्ही तो कधी बसवत नसा. आई बाजूला बसलेली, म्हणून ताट माझ्या हातात. मी डब्याला हळद-कुंकू लावते, अक्षता वाहते, नारळ चाचा फोडतात. मी जपून वाहते, कारण मला सगळंच जपून करायची सवय आहे. एकही दाणा मानेच्या भोकात जाऊ नये म्हणून मी तिथे डावा हात धरलाय. शेटजी घड्याळ बघतात आणि म्हणतात, "मिस्त्री, राहुकाळ लागायच्या आत गाडी सुरू झाली पाहिजे हां. भटजींनी बजावलंय." तुम्ही म्हणता, "व्हतंय की." मग मला घरात पाठवलं जातं. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो आणि त्यामागून एक किंचाळी, लोखंडाची. मी दारात धावत येते. गाडीखाली तेलाचं थारोळं. पाहुणे उठून उभे राहिलेत. संध्याकाळी तुम्ही सगळं परत उतरवता आणि शेटजींपुढे तळहात धरता. त्यावर कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे. "पोरीनं आत अक्षता टाकल्या," तुम्ही म्हणता. "हिच्या हाताला गुनच न्हाई."

तुम्ही मला मारलं असतंत तर मी विसरले असते. ते वाक्य विसरता आलं नाही, कारण ते माझ्याकडेच राहिलं नाही. शेटजींनी ते तिसगावात नेलं, पाहुण्यांनी आणखी कुठे कुठे. आत्याने मला लोणच्याच्या फोडींना हात लावू दिला नाही. "तू लांब बस गं, बरनी नासंल." पुढे मीच लांब बसू लागले. ताईच्या बाळाला पहिलं न्हाऊ घालायला मला बोलावलं, तर मी डोकं दुखतंय असं सांगितलं. परसात मिरचीचं रोप लावायचं झालं तरी मी शेजारणीला हाक मारायची. गॅरेजचा उंबरा तुम्ही मला बंद केलात. आणि मी रात्रंदिवस एकच गोष्ट आठवत राहिले, माझा डावा हात तिथे होता की नव्हता.

चार दिवसांपूर्वी गोणपाट सोडलं. डब्याबरोबर तुम्ही मोडलेला पंपही बांधून ठेवला होतात. का ठेवलात, हे मला कळत नाही. फेकून दिला असता तर मला कधीच काही समजलं नसतं. पंपाचे दोन्ही दात मोडलेले. डब्याच्या मानेच्या खाचा मात्र कोऱ्या, आज कापल्यासारख्या. आणि खाचांच्या शेजारची कड चेचलेली, बरोबर दोन ठिकाणी. म्हणजे दात खाचेत गेलेच नव्हते. ते कडेवर टेकलेले असताना कोणीतरी बोल्ट आवळले होते. तांदळाच्या दाण्याने पोलादाचे दात मोडत नाहीत, अण्णा. हे बारा वर्षांच्या मुलीलाही कळलं असतं, ती घाबरलेली नसती तर.

मी चाचांना पंप दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो उलटसुलट करून पाहिला. "तिसरा ठोका पडला न्हवता, बेटा," ते म्हणाले. "मी बोल्लो उस्तादांना. म्हनलो, अजून एक राहिलाय. त्ये म्हनले, येळ न्हाई, बोल्ट वढ."

"आणि तांदूळ?"

"ताटातले."

"तुम्ही तिथेच होतात, चाचा."

"हुतो ना. पन उस्तादाला शेटजीसमोर खोटं कोन पाडनार? वाटलं, पोर लहान हाय, इसरून जाईल."

मी त्या दिवशी चाचांशी पुन्हा बोलले नाही. पण त्यांनी निदान तोंडाने सांगितलं. तुम्ही तर शेवटी आजारी पडून कितीतरी दिवस घरात होतात. पेज मी भरवायची. माझ्याच हाताने जेवत होतात. एकदा तरी म्हणायचं होतंत. चूक कोणाच्याही हातून होते, घाईत तर होतेच, त्याचा मला राग नाही. पण तुम्ही ताटाजवळ गेलात, तांदूळ निवडून घेतलेत, कुंकवाचेच घेतलेत, आणि तळहातावर ठेवलेत. त्याला घाई म्हणत नाहीत. तुमच्या नावाला धक्का लागू नये म्हणून तुम्हाला कोणीतरी हवं होतं, आणि सगळ्यांत जवळ मी होते. तुम्ही मला खरं बोलायला शिकवलंत. एकदा शेजारच्यांचा पेरू तोडून नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही मला त्यांच्या दारात नेऊन उभं केलं होतंत. तुम्हाला कोणाच्या दारात नेऊ मी?

चेचलेली कड मी नागापूरच्या एका लेथवाल्याकडून साफ करून आणली. काल सकाळी डब्यात तेल भरलं, दांड्यावर चढवला आणि फिरवू लागले. पहिला ठोका लगेच पडला. दुसरा जरा वेळाने. तिसरा काही केल्या पडेना. शेटजींचा मुलगा घड्याळ बघत होता. म्हणाला, "आवळा की, जाईल आपोआप." माझे दंड भरून आले होते. मी डबा पूर्ण बाहेर काढला, सगळं पुसलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तो म्हणाला, "बाई, रात्र करताय." मी म्हटलं, "घाई असेल तर गाडी ढकलत न्या." चाचा हसले, पण मी हसले नाही. मग तिसरा ठोका पडला. मोठा आवाज नव्हता. हाताला कळला, आधी हाताला आणि मग कानाला. गेअरबॉक्स इंजिनाला नुसत्या बोटांच्या जोराने येऊन भिडला. बोल्ट त्यानंतर.

करंजीच्या घाटात तो मुलगा मला आणि चाचांना घेऊन गेला. पाय दाबला की इंजिन आधी गरजतं, मग गाडी पाठीत धक्का देऊन उठते. खालच्या वळणावर एक ट्रक मागे पडला आणि मुलाने हॉर्न वाजवला. मी मागे बसून तेलाचा वास येतो का, तेच हुंगत होते.

परत येताना मी बाजारातून कैऱ्या आणल्या. आईला म्हटलं, यंदा लोणचं मी घालते. तिने मोहरीचा डबा पुढे सरकवला. फोडी मी केल्या, मीठ-मसाला मी लावला, बरणी मी भरली आणि तोंडाला फडक्याचा दादरा मीच बांधला. पंप आईला दाखवलेला नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही, ते मोहरीच्या डब्याखाली राहील.

एक सांगते. खाचा मी स्वतः पाहिल्या आहेत, चाचांच्या तोंडून ऐकलं आहे, मला सगळं माहीत आहे. तरी सकाळपासून मी तीनदा बरणीपाशी जाऊन आले, आणि दादऱ्याला नाक लावून वास घेतला.