पिंपातला पहिला शब्द

मंगळवार, ५ सप्टेंबर २००६, इंगोलश्टाट

आज लिहीन, उद्या लिहीन करत आठ आठवडे घालवले. ही लाल वही ताईने मी उतरलो त्याच दिवशी हातात दिली होती — "नाग्या, रोज चार ओळी लिही, तेवढंच डोकं एका जागी राहील." पहिल्या पानावर दूध, अंडी आणि बसचा नंबर आहे. बाकी कोरी.

आता लिहितोय कारण एक गोष्ट लपवून ठेवलीय आणि सांगायला कुणी नाही.

तर. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर ताईकडे आलोय. ७ ऑक्टोबरचं परतीचं विमान. हरीशदाजी इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांनी माझ्यासाठी सरकारला हमीपत्र लिहून दिलंय. (त्याचा जर्मन शब्द लिहायला घेतला तर वही संपेल.) मी इथे काम करायचं नाही, कसलंच.

जुलैत किल्ला बघायला निघालो आणि मध्येच उतरलो, कारण बसच्या खिडकीतून घोडे दिसले. कोल्हापुरात बाबांचे घोडे सिनेमाला, वरातीला जायचे. बी.कॉम. सुटलं, आयटीआय सुटलं, तबेला काही सुटला नाही. तर हे निघालं खोटंखोटं काउबॉयचं गाव. लाकडी दुकानं, तुरुंग, टोप्या घातलेली जर्मन कुटुंबं. मधोमध एक म्हातारा घोडीवर बसून गिटार वाजवत गात होता. घोडी सारखी कान पाडत होती. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, फार आवळला होता. मी कुंपण ओलांडून जाऊन सैल केला. म्हातारा गाणं न थांबवता माझ्याकडे बघून हसला.

तोच ऑट्टो. तेव्हापासून दर शनिवार-रविवार मी तिथे. 'घोडे बघायला जातो' एवढंच घरी माहीत आहे. पिंपाचं माहीत नाही.

पिंपाचं उद्या.

गुरुवार, ७ सप्टेंबर

काल लिहिणार होतो, पण बानहोफवर, म्हणजे स्टेशनवर, नव्या गाड्यांनी भरलेली मालगाडी उभी होती, ती मोजत बसलो. दोनशे चौदा.

पिंप. ऑट्टो त्र्याहत्तर वर्षांचा. त्याला माणसं आठवतात, घोड्यांची नावं आठवतात. कडव्याचा पहिला शब्द आठवत नाही. तो दिला की पुढचं सगळं कडवं धडाधड येतं. तर गावाच्या चौकात लाकडी पिंप आहे, घोडी त्याला लागून उभी राहते, म्हणजे पिंप ऑट्टोच्या उजव्या अंगाला येतं. त्या पिंपात मी बसतो. हातात निळी वही. कडवं संपत आलं की पहिला शब्द देतो. मला जर्मन येत नाही, पण कान आहे. त्याच्या कॅसेट ऐकून एकेचाळीसच्या एकेचाळीस गाणी देवनागरीत उतरवलीत. तनया — ताईची मुलगी, आठ वर्षांची — मी वाचलं की लोळून हसते आणि जर्मनमध्येच चुका सांगते.

गावात कुणाला हे माहीत नाही. मालकीण फ्राउ लिंडनरना कळलं तर ऑट्टोला उतरवतील. मी काम करतोय हे कुणाला कळलं तर दाजी अडकतील. एका पिंपात दोन भीती.

गंमत अशी की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत परवा नाटक झालं आणि पडद्याआड वही घेऊन दाजी. दरवर्षी तेच. काम नको, वही हवी. येताना गाडीत ताईला सांगत होते, "प्रॉम्प्टरने पहिला शब्द द्यायचा. बस. ओळ दिली की नट पांगळा होतो." मागच्या सीटवर माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

शनिवार, ९ सप्टेंबर

ऑट्टोला कळलं मी लिहितोय. म्हणाला, "आल्झो," — म्हणजे 'तर मग' — "माझंही लिहून ठेव. आज सांगतो ते खरं धर, उद्या मी वेगळं सांगेन." सैनिकांकडून शिकलेलं इंग्रजी त्याचं, माझं कोल्हापुरी. चालतं.

बेकरीवाल्याचा मुलगा. लढाई संपली तेव्हा बारा वर्षांचा. एका अमेरिकन सैनिकाने पावांच्या बदल्यात गिटार दिली. (जुलैत सांगितलं होतं की अंड्यांच्या.) मग त्यांच्याच छावण्यांतून गायला लागला, छप्पन साली पहिल्यांदा रंगमंचावर — म्हणजे यंदा पन्नास वर्षं. स्वतः शब्द लिहायचा, स्वतः चाल. मग स्पेनमध्ये जाऊन सात वेस्टर्न सिनेमे. प्रत्येकात शेकोटीपाशी एक गाणं म्हणायचं आणि मरायचं. पाचांत तो मेला. सहाव्यात फक्त त्याचा घोडा. सातवा लागलाच नाही.

सगळी गाणी माळरानाची, अमेरिकेची. तो अमेरिकेला कधी गेलेला नाही. का नाही गेलास, विचारलं.

"गाणी बिघडली असती."

बाबांकडे एक एक्स्ट्रा होता, वीस सिनेमांत गडावरून पडला, गड एकदाही चढला नाही. ते सांगितल्यावर ऑट्टो खूप हसला. मग विचारलं, "तुझे वडील काय म्हणतात तुझ्याबद्दल?" मी घोडीला पाणी दाखवायला गेलो.

रविवार, १० सप्टेंबर

हातून घाण झाली. पिंपात घामाने दोन पानं चिकटली आणि मी भलत्याच गाण्याचा शब्द दिला. इल्झंचं गाणं. इल्झं त्याची बायको. तो स्पेनमध्ये सिनेमात मरत होता तेव्हा इकडे त्याला सोडून गेली. तीस वर्षं त्याने ते म्हटलं नव्हतं.

शब्द ऐकला आणि थांबला. मी पिंपात डोळे मिटून घेतले. मग गिटारचा सूर बदलला आणि त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. टाळ्यासुद्धा उशिरा पडल्या.

नंतर तबेल्यात म्हणालो, चुकलं माझं. तो खोगीर पुसत होता. म्हणाला, "हो. चुकलंच." आणि खोगीर जागेवर ठेवताना, "शेवटच्या दिवशी हेच घेऊ."

शेवटचा दिवस १ ऑक्टोबर. मोसम संपतो, त्याची पन्नास वर्षं, निरोपाचा खेळ.

सोमवार, १८ सप्टेंबर

दाजींना कळलं. पिंप नाही — फोटो. इथल्या पेपरात ऑट्टोच्या पन्नास वर्षांवर अर्धं पान आलंय, त्यात मागे मी घोडीला खरारा करतोय. कँटीनमध्ये कुणीतरी दाखवला.

जेवताना पेपर ताटाशेजारी ठेवला. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"हे काय आहे?"

"घोडीला खरारा."

"हे काम आहे, नागेश. फोटोसकट."

"पैसे घेत नाही मी, दाजी."

"फुकट केलं तरी कामच. उद्या व्हिसाच्या ऑफिसातून विचारलं तर हमीपत्रावर सही माझी आहे." मग ताईकडे, "तुला माहीत होतं?"

ताई म्हणाली, "अहो, घोडे बघायला जातो एवढंच..."

तनयाला वाचून दाखवताना मी पिंपाचं बोलून गेलो होतो; ती जर्मनमध्ये काहीतरी बोलली. त्यात ऑट्टोचं नाव होतं आणि पिंप होतं. सगळं संपलं. दाजींनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. "पिंपात बसतोस?"

पुन्हा जायचं नाही. विषय बंद.

ते बरोबर आहेत. हेच जास्त छळतंय.

रविवार, २४ सप्टेंबर

गेलो नाही. शनिवारीही नाही. दिवसभर खिडकीत. समोरच्या बाल्कनीत अजून वर्ल्डकपचा झेंडा लटकतोय, रंग उडालाय.

सोमवार, २५ सप्टेंबर

ऑट्टोचा फोन आला. ताईने उचलला आणि मला दिला.

काल तो दुसऱ्या कडव्यावर अडला. उभाच. लोकांना आधी वाटलं नाटकातलं आहे. फ्राउ लिंडनरनी येऊन लगाम धरून घोडी बाहेर नेली. त्यांचं म्हणणं, १ तारखेला जुनी रेकॉर्ड लावू, तू नुसते ओठ हलव. हा म्हणाला, "पाच वेळा मेलो मी, तोंड बंद ठेवून एकदाही नाही." शेवटी ठरलं ते असं — तो खरं गाईल, त्या रेकॉर्ड तयार ठेवून साउंडच्या खोक्यापाशी उभ्या राहतील. दहा सेकंद थांबला की बटण.

"दहा म्हणजे किती, नागेश?" त्याने विचारलं. माझं नाव तो 'नागेज' असं घेतो. मी फोनवर मोजून दाखवले. फार कमी असतात.

मंगळवार, २६ सप्टेंबर

दाजींना तोंडावर सांगितलं. एक तारखेला जाणार. शेवटचं. नंतर सात तारखेला मी जातोच आहे, हवं तर त्याआधीही जातो.

ते बूट घालत होते. नाडी बांधून झाली, दुसरी बांधली, गेले.

गुरुवार, २८ सप्टेंबर

ऑट्टोचा पुन्हा फोन: त्याची घोडी लोटं लंगडते. पुढचा डावा पाय. रविवारी चालणार नाही. तिच्या जागी तरणा काळा घोडा आहे, टाळ्या ऐकल्या की मागच्या पायांवर उभा राहतो. तो माझ्याशिवाय कुणाला तोंडाशी ठरू देत नाही. म्हणजे मी समोर, सगळ्यांदेखत, लगाम धरून. आणि पिंप रिकामं.

लगामाजवळून हळू बोललेलं ऑट्टोपर्यंत पोचत नाही. डावा कान सिनेमातल्या बंदुकांनी घालवला. मोठ्याने बोललं तर माइकमध्ये जातं.

शनिवार, ३० सप्टेंबर

काय काय करून पाहिलं:

शब्द मोठ्या अक्षरांत तनयाकडून लिहून घेतले, आयाळीखाली चिकटवायला. ऑट्टो फोनवर म्हणाला, चष्म्याशिवाय दिसणार नाहीत. चष्मा लाव म्हटलं तर म्हणाला, काउबॉयला चष्मा नसतो.

दुसऱ्या कुणाला पिंपात बसवायचं तर गावातला चालत नाही, बातमी लिंडनरबाईंकडे जाईल. बाहेरच्याला माझी वही वाचता यायला हवी.

ताईला विचारलं. ती म्हणाली, "मी? पिंपात? या गुडघ्यांनी? आणि माझं जर्मन भाजी घेण्यापुरतं, बाबा." मग भांडी घासत राहिली. मी पुसत राहिलो. दाजी बाहेरच्या खोलीत होते, टीव्ही बंद होता.

मग मीच पहिले शब्द पाठ करतोय. पाच गाणी, एकोणीस कडवी. तनया वही उघडून बसते — तिला ती वाचता येत नाही, पण मी अडलो की मान हलवते. सातच्या पुढे जात नाही. माझं काय सांगायचं, मला पाढेही सतराच्या पुढे येत नव्हते.

उद्या दुपारी तीन वाजता. आधी बारा वाजता वही घेऊन त्याच्याबरोबर एकदा सगळं म्हणून घेऊ. काहीतरी राहील डोक्यात त्याच्या. नाहीतर माझ्या.

रविवार, १ ऑक्टोबर, सकाळी

सात वाजता उठलो. पहिल्या बसने निघतोय. दाजींच्या खोलीचं दार बंद. ताईने डब्यात पोळ्या दिल्या. खांद्यावरचं काहीतरी झटकलं. तिथे काहीच नव्हतं.

काउबॉयच्या गावात, सव्वाबारा

निळी वही घरी राहिली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काल तनयाने उघडून ठेवलेली, तशीच. पिशवीत ही लाल वही आली. डबा आला, खरारा आला. ती नाही. रविवारी बस दोन तासांनी एक. घरी फोन केला, वाजत राहिला.

ऑट्टोला सांगितलं. तो गिटारची तार लावत होता. म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर'. एवढंच. का म्हणाला माहीत नाही. मग विचारलं, इल्झंच्या गाण्याचा पहिला शब्द कुठला रे?

मला आठवला. त्याने तीनदा म्हणून घेतला. पाच मिनिटांनी पुन्हा विचारला.

दोन वाजून दहा

लोक भरलेत. लिंडनरबाई खोक्यापाशी खुर्ची घेऊन बसल्यात. काळा घोडा आत्ताच घामेजलाय. एकोणीसपैकी मला आठ येतात.

पावणेतीन

तबेल्यात लिहितोय, हाताला घोड्याचा घाम आहे, पान ओलं झालं.

दाजी आलेत.

दारात उभे. ऑफिसचा कोट. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात निळी वही. उघडून दाखवली — एकोणीस ठिकाणी, कडव्याच्या पहिल्या शब्दाखाली पेन्सिलने ताजी रेघ. कोट काढून खुंटीवर टांगला, चष्मा पुसला, पिंपाकडे बघून घेतलं.

"कुठला कान चालतो त्याचा?" म्हणाले. "आणि एक शब्द पुरतो ना?"