वीस मिनिटं पुढचं घड्याळ

प्रिय मास्तर,

तुम्ही असताना तुम्हाला असं कधी म्हटलं नाही. आज शहापूरच्या डॉक्टरांच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. आत आपली लेक कुसुम झोपली आहे. तिलाही तुमच्यासारखाच ताप, तशीच पोटदुखी. म्हणून लिहिते.

आठवतं, मुरबाडच्या घरी सारवलेल्या जमिनीवर खडूने एक आडवी आणि एक उभी रेघ काढून तुम्ही मला चार चरण शिकवले होते? उजवीकडे वर दोन्ही आकडे अधिक, डावीकडे खाली दोन्ही उणे. मी चणे ठेवायची, तुम्ही त्यांची जागा विचारायचात. "आधी रेघा छेदतात तो बिंदू पक्का कर," म्हणायचात. "तो हलला की एकेक चणा खोटं बोलतो."

मग घरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे का ठेवलंत? तर म्हणे शाळेला उशीर नको!

तुम्ही तापात पडलात तेव्हा तुमचे धाकटे भाऊ जोशीबुवांना घेऊन आले. प्रश्न एकच, आज डॉक्टरांकडे न्यावं का? बुवा प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडतात. त्यांनी आपल्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, कागदावर बारा घरं आखली आणि परवापर्यंत रोग्याला उंबरा ओलांडू देऊ नका म्हणाले. मग चहा मागितला. बशीत ओतून फुरके मारत प्यायले. 

मला घड्याळाचं ठाऊक होतं. दाराआड उभी होते, बोलले नाही. बुवा पायऱ्या उतरून गेले, त्यानंतर आपल्या घड्याळात कधीच वाजून गेलेल्या तासाचा खरा टोल कचेरीत पडला. परवाचा दिवस तुम्हाला दिसला नाही.

पुढे मी तुमचं पंचांग काढून वाचायला शिकले. खऱ्या वेळेला पूर्वेला उगवणारी रास वेगळीच निघत होती. बुवांना सांगितलं तर म्हणाले, "बाई, आयुष्यच सरलं होतं त्याचं." म्हणजे घड्याळ कसंही असो, यांचं चुकणार नाहीच! किळस आली. त्यांची आली, आणि माझ्या गप्प बसण्याची जास्त आली. कुठल्याच कुंडलीने तुम्हाला वाचवलं नसतं. जुंपलेल्या गाडीने कदाचित वाचवलं असतं.

काल सकाळी कुसुम पोट धरून बसली तशी भाऊजींनी टोपी घातली. "वयनी, बुवांना इचारून निघू."

मी स्टुलावर चढले, घड्याळाची काच उघडली आणि लंबक धरून थांबवला. "विचारा बुवांना. तोवर मी बैल जुंपते."

भाऊजींनी टोपी काढून ठेवली. मग "ढवळ्या मारतो, तुमी हात नका लावू," असं पुटपुटत स्वतःच गोठ्यात गेले.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. ते ऐकून मी बाहेर येऊन बसले. आत बसवेना.

घड्याळ अजून बंदच आहे. घरी गेले की कचेरीच्या टोलाला लावीन, एक मिनिटही पुढे नाही. आणि मास्तर, दाराआड पुन्हा उभी राहणार नाही.

तुमची विद्यार्थिनी,
सुभद्रा