अक्रोडाची साल

४ मे, लिक्सलिप, आयर्लंड
सुखरूप पोचले. लेकीने, सुमेधाने, भाड्याने घेतलंय ते एका जुन्या कर्नलच्या बागेतलं माळ्याचं घर. स्वच्छ आहे, पण स्वयंपाकघराला शिस्त नाही. संध्याकाळपर्यंत लावून टाकली. नात ज्ञानदा चार वर्षांची. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. ही सवय मोडायची.

अंगणात मोठा अक्रोड आहे. घरमालकीण म्हणाली, कर्नलने त्याचं बी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरून आणलं. तेव्हा एकीकडे इंग्रज, पलीकडे रशिया, मधल्या डोंगरांत पठाणांची गावं. मी ताठ मानेने सांगितलं, माझे पणजोबा तिथेच इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार होते. त्यांचं पदक आणलंच होतं, हॉलमध्ये लावलं.

७ मे
ज्ञानदाला पणजोबांची गोष्ट सांगितली. गावं शरण येईनात, तेव्हा पलटणीने धान्य जाळलं आणि अक्रोडांच्या खोडांवरची साल गोल सोलली. झाड उभ्या उभ्या वाळतं. आमच्याकडे ही गोष्ट हसत सांगत. ज्ञानदा हसली नाही. "बट आजी, व्हॉट डिड दे ईट?" मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

९ मे
अंगणातल्या अक्रोडाच्या खोडाची साल गोल सोललेली. सुमेधा म्हणते, खार असेल. खार इतकं नेटकं काम करत नाही. ज्ञानदा सांगते, झाडाखाली बायका बसतात, रिकामी सुपं घेऊन. मी दटावलं.

१० मे
कणकेच्या डब्यात राख.

११ मे
बायका दिसल्या. भर दुपारी. काही मागत नाहीत, माझ्या हातांकडे बघतात. पदक उतरवलं. माफी मागायला गेले, मान वर करवेना. खाली पाहिलं — माझ्या नखांत ओली साल.

१२ मे
ज्ञानदाच्या घोट्याभोवती बारीक लाल रेघ. पूर्ण गोल. सुमेधाला म्हटलं, मुलीला माझ्यापाशी ठेवू नकोस. "आई, प्रवासाचा शीण आहे गं तुला," म्हणाली आणि शिफ्टला गेली. सुऱ्या कपाटात कोंडल्या. किल्ली गटारात टाकली.

दुपार
कपाट उघडं आहे. ज्ञानदा म्हणाली, "इट्स ग्रँड, आजी," आणि मांडीवर झोपली — बायका खिडकीशी आल्यात. नको नको म्हणून हात हलवताहेत — मला वाटलं होतं, सूड घ्यायला — तिला वाचवायला आल्या होत्या, आमच्यापासून —

अक्षर वाईट येतंय. डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या हातात —