पडदा किती हात मागे?

४ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. जिना चढताना गुडघे कुरकुरतात आणि मी त्यांच्यावर, एवढंच.

शेजारच्या शिंपीणबाईंनी परवा त्यांच्या मोबाइलवर तुझा अपूर्णांकांचा धडा दाखवला. लेक किती छान शिकवते, असं त्या म्हणत होत्या. मी मात्र तुझ्या पाठीमागेच बघत बसलो. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यांपुढे माणसं बसवली, ती सवय जात नाही. धडे घरच्या अभ्यासिकेत बसून करते, असं तू लिहिलं होतंस. मग तिथे ते पुस्तकांचं भलंमोठं कपाट कधी आलं? खिडकी तुझ्या डाव्या हाताला आणि उजेड उजव्या गालावर, हे कसं? तिसऱ्या फळीवर तर एकच लाल पुस्तक दोनदा आहे. कुठेतरी पाणी मुरतंय, ठके.

आणखी एक. घरची पत्रपेटी मोडली म्हणून पत्रं तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवायची, याला आता चार महिने झाले. जावई एवढे हौशी, त्यांच्याच्याने एक पेटी दुरुस्त होत नाही? तुझ्या पत्रात त्यांचा हल्ली नावालाही उल्लेख नसतो. सविस्तर लिही.

तुझा,
बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. तुम्ही फोटोग्राफर कशाला झालात, पोलिसात जायचं होतं!

चोरी पकडलीत. मागे कपाट नाहीच, साधं हिरवं कापड आहे. आमच्या कंपनीचा नियमच आहे, सगळ्या शिक्षकांनी हिरव्या पडद्यापुढे बसायचं. मग हिरवा रंग दिसेल तिथे कॉम्प्युटर ते कपाट चिकटवतो. लाल पुस्तक दोनदा लावणाऱ्या आमच्या एडिटरला तुमचं म्हणणं कळवलं, तो चांगलाच खजील झाला. एकदा मी आईची हिरवी शाल घेऊन बसले होते, तर धड गायब. नुसतं डोकं आणि दोन हात अधांतरी भागाकार करत होते. सगळं ऑफिस दोन दिवस हसत होतं.

पडदा अभ्यासिकेतच टांगलाय. हे कामात असतात. पेटीचं म्हणाल तर राहूनच जातं. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. गुडघ्यांना तेल लावा.

लोभ आहेच, तो असाच वाढत राहो.

तुमची,
ठकी

१९ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. शालीचं वाचून पोटभर हसलो. मग शिंपीणबाईंकडे जाऊन तोच धडा पाच वेळा पाहिला. आता मला येताना बघून त्या मोबाइल कापडाखाली सरकवतात.

हिरवा पडदा मान्य. पण तुझ्या कानामागे आणि मानेवर हिरवट झाक आहे. पडद्याचा रंग माणसावर कधी उतरतो? माणूस त्याला चिकटून बसलं तर. आम्ही गिऱ्हाइकाला पडद्यापासून चार-पाच हात पुढे बसवायचो. तुझा पडदा तुझ्या पाठीमागे जेमतेम वीतभर आहे. तुमची अभ्यासिका मी पाहिली आहे, तिथे तुला ऐसपैस दहा हात पुढे बसता आलं असतं. समोर कॅमेरा मावावा म्हणून जिथे भिंतीला टेकून बसावं लागतं, अशी कुठली तरी एवढीशी खोली आहे ही.

ती त्या घरातली नाही. तू कुठे आहेस? थट्टा पुरे झाली. मला भीती वाटते आहे.

तुझा,
बाबा

२७ फेब्रुवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. हरले.

ऑक्टोबरात मी घर सोडलं. इथल्या एका छापखान्याच्या वर कागद ठेवायची खोली आहे, तिथे राहते. धडा करायचा तेव्हा खाट उभी करते, मग कुठे पडदा मावतो. ह्यांनी हात उचलला. पहिल्यांदा माफी मागितली, दुसऱ्यांदा मागितली नाही. तिसऱ्या वेळेची वाट बघायला मी थांबले नाही.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला आत्या आठवते. मी नऊ वर्षांची होते. ती अशीच एक पिशवी घेऊन आपल्याकडे आली होती, ओठ सुजलेला. तुम्ही तिला जेवू घातलंत, समजावलंत आणि चौथ्या दिवशी स्वतः बसमधून तिला सासरी पोचवून आलात. पिशवी तुमच्याच हातात होती.

बाबा, रागवायचं तर रागवा, पण मला पोचवायला येऊ नका. तुम्ही परत जा म्हणालात तर मला तुम्हालाही सोडावं लागेल, आणि ते मला झेपणार नाही.

तुमची,
ठकी

६ मार्च

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. शिंपीणबाई विचारत होत्या, तब्येत बरी नाही का.

तुझी आत्या त्यानंतर अकरा वर्षं जगली. दर महिन्याला तिचं पत्र यायचं, सगळं ठीक आहे म्हणून. एका लाल पुस्तकावरून तुझी उलटतपासणी घेणारा मी, त्या पत्रांवर कधी शंका घेतली नाही. खरं सांगायचं तर मला ती घ्यायचीच नव्हती. माझं चुकलं. तिला सांगायचं राहून गेलं, तुला सांगतो.

काल जावई आले होते. गोड गोड बोलत होते. संसारात थोडंफार चालायचंच, तुम्ही वडीलधारे, चार शब्द सांगून तिला पाठवून द्या, असं म्हणाले. अगदी हेच शब्द मी बसमध्ये आत्याला बोललो होतो. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्ता दिला नाही.

तू ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर इथेच बसेन आणि ते पुन्हा आले तर पुन्हा पाणी देईन.

वडिलांनी आशीर्वाद लिहावेत, लोभ मुलांनी मागावा, अशी पत्रांची रीत आहे. आशीर्वाद वर लिहिलेच आहेत. पण या खेपेला मागतो मी. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, पोरी, एवढी विनंती.

तुझा,
बाबा