कूलर अन् उघडी खिडकी

पुणे, १० जून

प्रिय बाबा,

जय भीम. माही तब्येत बरी हाय, मेसचं जेवण बी आता आवडून राहिलं. फोनवर हे मले सांगता आलं नसतं, म्हणून कागद घेतला.

काल एसी-दुरुस्तीच्या वर्गात सरांनी विचारलं, "कूलर लावला की खिडकी बंद ठेवायची का उघडी?" सारे म्हणाले, बंद, एसीसारखी. मी उभी राहिली. म्हटलं, "उघडी. कूलर हवेत ओल सोडते. ती ओली हवा बाहेर गेली नाही, तर अंग नुसतं चिकचिक करते."

हे तुमचेच शब्द, बाबा. अकोल्यात घरोघरी कूलरच्या ताट्यायत गवत भरताना तुमी सगळ्यायले हेच सांगता. अन् मे महिन्यात मी घरी आली तेव्हा मैत्रिणीसमोर तुमाले म्हटलं, "तुमाले काय समजते त्यातलं!" अन् खिडकी लावून घेतली. आई दुपारभर पदरानं घाम पुसत बसली.

सरांनी शाबासकी दिली अन् विचारलं, "कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "पुस्तकात वाचलं."

असं काहून बोलली, ते मलेच समजून नाही राहिलं.

आईचे गुडघे कसे हायेत? ताट्यांच्या गवतानं चिरलेली तुमची बोटं भरली का?

सोमवारी सरांले खरं सांगन म्हणते. जीभ अडखळू नये, म्हणून आज पाकिटावर तुमचं नाव पहिल्यांदाच पूर्ण लिहिलं: बुधाजी इंगळे, कूलरवाले.

तुमचीच,
प्रणाली