मुकादमाची निर्दोष सुटका

मंगळवार, तेवीस तारीख
एक्स-रे विभाग, जेवणाची सुट्टी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला तर उठताना कंबर धरेल, म्हणून उभ्यानेच नमस्कार. भावोजींना आणि बारकीलाही सांग. तुझी दोन्ही पत्रं पोचली. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि आज मला ते पुरं करायचं आहे.

चार महिने घरी फिरकला नाहीस, काय बिनसलंय, असं विचारलं आहेस. काम फार आहे असं लिहिणार होतो. ते खोटंही नाही. एक तारखेपासून आमच्या रुग्णालयाच्या आवारात कुणीही सिगारेट ओढायची नाही, डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत. नुसत्या पाट्या लावून भागणार नाही, म्हणून सोडू पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना मदत करायला एक टेबल मांडलंय. त्यावर बसवलं कुणाला? मला. तू तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीला, म्हणजे आमच्या मेट्रनबाईंना, कौतुकाने सांगितलं होतंस ना, की माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली? बाईंनी ते पक्कं लक्षात ठेवलं.

मला नसत्या चौकशा करायची खोड, तुला ठाऊक आहेच. आता तोच माझा धंदा झाला. येईल त्याला विचारायचं, कधी ओढता, कुठे ओढता, का ओढता. ऑपरेशन थिएटरच्या एका सिस्टरने सांगितलं की तिला सिगारेटची चव मुळीच आवडत नाही. मग का ओढता, म्हटलं. तर म्हणाली, "सिगारेटला जाते म्हटलं की दहा मिनिटं सोडतात. नुसतं टेकायला जाते म्हटलं तर कोण सोडेल?" मी थक्कच झालो. पाच-पाच तास उभी राहणारी बाई बसायला मिळावं म्हणून धूर गिळत होती. बाईंच्या कानावर घातलं. आता सगळ्यांनाच दहा मिनिटांची सुट्टी आहे, कारण न विचारता, आणि लॉन्ड्रीमागचा, सिगारेट ओढणाऱ्यांचा तो काळवंडलेला बाक उचलून खिडकीपाशी आणलाय. सिस्टर त्यावर चप्पल काढून, पाय वर घेऊन बसते.

टेबलावर एक यंत्रही आहे, हातात मावेल एवढं. श्वास धरायचा आणि नळीत सावकाश फुंकायचं. सिगारेटमधला विषारी वायू श्वासात किती उरलाय ते आकड्यात दिसतं. सहाच्या आत आला तर स्वच्छ. शेवटच्या सिगारेटनंतर चार-पाच तासांत तो आकडा निम्मा होतो. हे मी इतकं नेमकं का वाचून ठेवलं होतं, ते तू ओळखलंस का?

बारा तारखेला सगळ्या विभागांसमोर यंत्र दाखवायचं ठरलं. "ज्यांनी सोडली त्यांचाच श्वास आधी बघू," असं बाईंनी जाहीर केलं. सभा सकाळी नऊची, म्हणून मी आदल्या संध्याकाळपासून सिगारेटला हात लावला नव्हता. सभा ढकलली साडेबारावर. अकरा वाजता मला धीर धरवेना. बाक तर उचललेला, म्हणून फाटकाबाहेर जाऊन एक ओढली, मग दुसरी.

आकडा आला एकवीस.

मी काय करावं? तंत्रज्ञ माणूस, लगेच म्हणालो की यंत्रात बिघाड दिसतोय. बॅटरी काढली, पुसली, परत घातली. बाईंनी नवी नळी लावली आणि स्वतः फुंकलं. दोन. चाळीस माणसं होती, पण हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सभेनंतर त्यांनी मला बसवलं, दंडावर निकोटीनची पट्टी लावली आणि म्हणाल्या, "तुमच्या ताईला मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं." टेबल काढून घेतील असं वाटलं होतं, तर दुसऱ्या दिवशी सहा जण नाव नोंदवायला आले. सिस्टर म्हणाली, आता तुमच्यासमोर लाज वाटणार नाही. आज अकरावा दिवस. चिडचिड होते, तोंड सारखं चाळवतं, पण ओढलेली नाही.

तर ताई, मी कधीच सोडली नव्हती. शपथ घेतली ती खोटी. पण एवढ्यासाठी तोंड चुकवलं नसतं, तुझ्या चार शिव्या खाऊन आलो असतो.

चार महिन्यांपूर्वीचा तो रविवार आठव. मी तुमच्या जिन्यात ओढून वर आलो होतो. लपाछपीत बारकी माझ्या कोटात शिरून बसली, चांगली दहा मिनिटं. मग तिला धाप लागली आणि संध्याकाळी आपण तिला इथे दाखल केलं. कशामुळे झालं असेल, तू विचारलंस. दवाखान्यातला जाणता माणूस म्हणून मी सांगितलं की मांजराचे केस बाधले असतील. तुमचा बोका मुकादम तीन वर्षं तिच्या पायाशी झोपत होता, तोवर कधी काही झालं नव्हतं. मला तेव्हाही कळत होतं. आणि त्याला टोपलीत घालून तुझ्या शिंपीणबाईंकडे पोचवायलाही मीच पुढे झालो.

मी परत आलो तेव्हा बारकीने विचारलं, "मामा, तो वाटेत काही बोलला का?" मी म्हटलं, खूप बडबडला, मजेत होता. ताई, तो वाटभर गप्प होता.

आमच्या छातीच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. धूर कपड्यांत राहतो, तेवढा तिला पुरतो, म्हणाले. मांजर परत आणा, महिनाभर तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवा, मग ठरवू. शिंपीणबाईंना मी विचारलंय. मुकादम धडधाकट आहे, फक्त कुणाच्या पायाशी झोपत नाही.

त्याला आधी घरी ने. माझं नंतर बघ. बारकीला खरं मी स्वतः सांगेन, तू घरात घेशील त्या दिवशी. नाही घेतलंस तर जिन्यात उभा राहून सांगेन. तो कोट टाकून दिलाय.

तुझाच,
धाकटा
(आज सकाळी यंत्रावर आकडा दोन)