हेर्मानचं तर्पण

चि. हेमंता,

घाटंजीच्या जुन्या जन्मनोंदींत आपला जर्मन खापरपणजोबा अखेर सापडला. भागीरथेपासून हेर्मानला एकच मुलगा झाला, तो तुझा पणजोबा. माझा पणजोबा तिच्या पहिल्या नवऱ्याचा, तिचं बोट धरून आलेला.

म्हणजे तहसिलीतली धूळ खाल्ली मी, अन् पूर्वज निघाला तुझा! "दादा, कायले मुडदे उकरून राह्यला?" म्हणून हसायचास, तरी घारे डोळे तुलाच. मत्सर हा सहावा रिपू, असं मी वर्गात शिकवतो. सध्या तो माझ्याकडेच मुक्कामाला आहे.

दर सर्वपित्रीला मी हेर्मानला तिलोदक देतो. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप, अशी शास्त्रानं सोय केलीच आहे. तुला हे कळलं तर तो हक्कही तुझाच.

म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

तुझा, निम्मा का होईना, भाऊ
श्रीधर